चरकाची चाल

यंत्रांचा इतिहास म्हटला की आगगाडीने ताशी किती मैल तोडले, विमान किती उंच गेले, असाच हिशेब बहुधा आपल्या कानांवर पडतो. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो अगदी उलट टोकाचा आहे. मिनिटाला दोन, चार किंवा फार तर दहा-बारा फेरे घेणारे चाक आपल्या लोकांनी कसे फिरविले, आणि विजेची मोटार हाती आल्यावर ते फिरविणे सोपे होण्याऐवजी काही काळ अधिक अवघड का होऊन बसले, एवढाच माझा विषय. तो निवडण्याचे कारण स्थानिक आहे. बारामती-इंदापूर हा उसाचा मुलूख. ऊस तोडल्यावर तो गाळण्याची घाई असते. परंतु प्रत्यक्ष पिळताना मात्र घाई केलेली उसाला चालत नाही. ह्या दोन गोष्टींच्या ओढाताणीत चरकाचा सगळा इतिहास घडलेला आहे.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने भिगवण मागे टाकले की डाळज लागते. सरकारी दप्तरात ह्या नावाची एकाहून अधिक गावे आहेत आणि त्यांना क्रमांक देऊन ओळखावे लागते. उत्तरेस भीमा. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, पण तो दक्षिणेच्या अंगाने गेला. बारामतीची गुळाची पेठ वाढली ती त्या पाण्यावर. भीमाकाठच्या पट्ट्यात पुष्कळ वर्षे ज्वारीचेच राज्य होते. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, त्याच्या फुगवट्याचे पाणी भिगवण-डाळजपर्यंत मागे सरले, नदीकाठची जुनी काळी जमीन बुडाली आणि वरच्या माळावर ऊस उभा राहिला. आता हिवाळ्यात लोक तेथे रोहित पक्षी पाहावयास जातात. मी आपणांस पक्ष्यांऐवजी काठावर ओळीने बसविलेल्या पाण्याच्या मोटारी पाहावयास सांगणार आहे.

ह्या मोटारी मिनिटाला १४४० किंवा २८८० फेरे घेतात. पंपाचे आतले पंख्यासारखे चाक मोटारीच्याच दांड्याला जोडलेले असते. मध्ये दातेरी चाक नाही, पट्टा नाही, काही नाही. पाणी बाहेर भिरकावून वर चढविण्याचे काम मुळातच वेगाचे आहे, आणि मोटारीचा अंगचा स्वभावही वेगाचाच आहे. तेव्हा दोघांचे लग्न पत्रिका न पाहता लागले. ह्या पंपापूर्वी तेच पाणी बैल काढीत असत. धावेवरून खाली उतरताना नाडा ताणला जावयाचा, मोट वर यावयाची, सोंदूर सैल सोडला की पाणी थारोळ्यात पडावयाचे. मोट जाऊन मोटार आली, शब्दातदेखील फारसे अंतर पडले नाही! महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले, आणि खेड्यांत तार जसजशी पोहोचली तसतसा विहिरीवरचा बैल सुटत गेला.

पण ह्याच बैलाला हंगामात दुसरे एक काम असे. ते म्हणजे गुऱ्हाळावर चरक ओढण्याचे. त्या कामातून तो इतक्या सहजासहजी सुटला नाही. विहिरीवर जी मोटार सकाळी बसवून संध्याकाळी चालू करता येत होती, तीच चरकाला जोडावयाची म्हटले की गावच्या सुताराला, लोहाराला आणि पुढे फिटरला घाम फुटे. असे का, हे समजून घेण्यासाठी आधी चरकाकडे वळू.

जुना चरक लाकडी होता. बाभळीसारख्या टणक लाकडाच्या उभ्या लाटा शेजारी शेजारी रोवावयाच्या, त्यांच्या डोक्यांना मळसूत्रासारखे दाते कोरावयाचे, म्हणजे एक लाट फिरली की दुसरी आपोआप उलट दिशेने फिरते. ह्या जोडीला काही भागांत नवरा-नवरी म्हणत. नवऱ्याच्या डोक्यावर लांब आडवे लाकूड बसविलेले, त्याच्या टोकाला बैल. बैल गोल फिरला की लाट फिरली. मध्ये कसलीही कपात नाही, वाढ नाही. बैलाचा एक फेरा म्हणजे लाटेचा एक फेरा.

आता थोडा हिशेब करू. आडव्या लाकडाची लांबी साडेतीन मीटर धरली तर बैलाला एका फेऱ्यास सुमारे बावीस मीटर चालावे लागते. ओझे ओढीत चालणारी जोडी मिनिटाला पंचावन्न मीटरच्या आसपास चालते. म्हणजे मिनिटाला अडीच फेरे. ती जोडी सतत साठ किलोची ओढ देते असे धरले, तर तिची शक्ती पाऊण अश्वशक्ती भरते. पाऊण अश्वशक्ती म्हणजे आज एका हाताने उचलून आणता येईल एवढी मोटार. मग फरक कोठे आहे? फरक पिळात आहे. एखादी वस्तू फिरविण्याचा जो जोर, त्याला शास्त्रीय भाषेत परिबल म्हणतात. मी त्याला पीळच म्हणतो, कारण उसाच्या बाबतीत तोच शब्द नेमका आहे. साठ किलोची ओढ साडेतीन मीटर लांबीवर लागली म्हणजे लाटेच्या मध्याशी एक मीटरवर दोनशेदहा किलो टांगल्याइतका पीळ पडतो. पाऊण अश्वशक्तीची १४४० फेऱ्यांची मोटार घेतली तर तिच्या दांड्यावर हाच पीळ एक मीटरवर जेमतेम पावणेचारशे ग्रॅम टांगल्याइतका आहे. शक्ती तीच, पण बैलाकडे ती पिळाच्या रूपाने आहे आणि मोटारीकडे वेगाच्या रूपाने. अडीच आणि १४४० ह्यांत ५७६ पटींचे अंतर आहे. ते अंतर कोणी तरी, कशाने तरी, भरून काढावयास पाहिजे. बैलाच्या बाबतीत निसर्गाने ते त्याच्या पायांत, खांद्यात आणि त्या लांब लाकडात आधीच भरून काढले होते, आणि त्याची किंमत आपल्याकडून कोणी वेगळी मागितली नव्हती.

उसाला ही मंद चाल का हवी, हेही सांगितले पाहिजे. लाटांच्या चिमटीत ऊस सापडला की रस सुटतो, पण सुटलेला रस खाली वाहून जावयास वेळ लागतो. लाटा वेगाने फिरू लागल्या तर रस निथळण्याआधीच चिपाड पलीकडे जाते, दाब सुटतो, चिपाड फुगते आणि स्पंजासारखे तो रस परत पिऊन घेते. शिवाय वेगवान गुळगुळीत लाट उसाला धरीत नाही. ती नुसती घसरते. बैलाच्या चरकात शंभर किलो उसातून पन्नास-साठ किलो रस निघाला म्हणजे काम बरे झाले असे समजत. बाकीचा चिपाडाबरोबर चुलवाणात जळे. एखाद्या शेतकऱ्याचा वर्षभराचा नफा ह्या पाच-सात किलोंच्या फरकात असे, हे आपण ध्यानात ठेवावे.

केवळ मंद चाल असून भागत नाही, ती एकसारखी असावी लागते आणि वेळेवर कमीजास्त करता यावी लागते. काहिलीत आधण चढले असता रस फार येऊन साठला तर तो आंबतो, आणि कमी आला तर चुलवाणाचा जाळ फुकट जातो. म्हणून गुळव्याची नजर एकाच वेळी काहिलीवर आणि चरकावर असे. रस वाढवावयाचा असेल तर तो बैलामागच्या पोराला हाक मारी. कमी करावयाचा असेल तर चरकात ऊस घालणाऱ्याला दोन कांडी कमी घालावयास सांगे. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा वेगनियामक बसविला, तो यंत्रशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात सापडतो. आपल्या गुऱ्हाळावरचा वेगनियामक दहा-बारा वर्षांचा, हातात चाबूक असलेला आणि बहुधा अर्धवट झोपेत असलेला असे. त्याची नोंद कोणी केली नाही.

लाकडी लाटांची जागा लोखंडी लाटांनी घेतली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात. बिहारमधील बिहिया येथे थॉमसन आणि मिल्न ह्या इंग्रज जमीनदारांनी १८७० नंतरच्या दशकात बैलाने चालणारा लोखंडी चरक काढला आणि तो उत्तरेत झपाट्याने पसरला. आपल्याकडे ह्या कामात किर्लोस्करांचे नाव येते. लक्ष्मणरावांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, आणि नांगर, कडबा कापण्याची यंत्रे ह्यांच्या जोडीने उसाचे चरकही तेथून बाहेर पडू लागले. लोखंडी चरकात तीन लाटा आल्या, ऊस एका फेरीत दोनदा पिळला जाऊ लागला, रस वाढला. पण चाल तीच राहिली, कारण पुढे बैलच होता.

ह्याच सुमारास उसाची जातही बदलली. दख्खनचा जुना पुंड्या ऊस जाड आणि मऊ. १९३० नंतर पीओजे २८७८ आणि को ४१९ ह्या जातींनी त्याला मागे सारले. नीरेच्या खोऱ्यात पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ साली निघाले, आणि नव्या लागवडीची चर्चा मळ्यांपर्यंत पोहोचली. एकरी ऊस वाढला म्हणजे चरकावरचे कामही वाढले. बैल थकू लागले, पाळ्या लावाव्या लागल्या, रात्री चरक चालू ठेवावा लागला. इंजिनाची गरज आरामाच्या इच्छेतून आलेली नाही. उसाचे ढीग वाळू लागले तेव्हा ती आली.

तेलाच्या इंजिनाने चरक चालविताना वेगाचा प्रश्न प्रथम उभा राहिला, आणि तो सुटला चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या सपाट पट्ट्याने. जुनी, जड गतिचक्राची इंजिने मिनिटाला सहाशे-सातशे फेरे घेत. इंजिनावर लहान पुली, चरकावर मोठी पुली, पुढे एकामागून एक दोन दंतचक्रांच्या जोड्या, आणि शेवटी आडव्या लाटा. हा चरक बैलाच्या चरकापेक्षा जलद फिरे, पण दाबही अधिक देई. पट्ट्याचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. चरकात ऊस अतिरेकी घातला, किंवा उसाच्या मोळीतून एखादा दगड आत गेला, तर पट्टा घसरतो. दाते तुटण्याऐवजी पट्टा घसरला म्हणजे नुकसान चार आण्यांचे. पुढे ज्यांनी पट्टा काढून साखळी बसविली त्यांना हे पहिल्याच हंगामात कळले.

परंतु इंजिनाबरोबर एक भयही आले. बैलाच्या चरकावर कोणाचा हात लाटेपाशी गेला आणि तो ओरडला, तर बैल बिचकून थांबत असे. इंजिन बिचकत नाही. लाटा सावकाश फिरतात म्हणून माणूस निर्धास्त असतो, आणि नेमके तेथेच फसतो. कारण सावकाश फिरणाऱ्या लाटेमागे तो प्रचंड पीळ असतो. वेगवान पंख्याला हात लागला तर जखम होते. मंद लाट हात सोडीतच नाही, आत घेत जाते. म्हणून चांगल्या बांधणीच्या चरकावर दोन पुल्या शेजारी शेजारी ठेवीत: एक दांड्यावर घट्ट बसविलेली आणि एक सुटी फिरणारी. काठीने पट्टा सुट्या पुलीवर ढकलला की इंजिन चालू राहून चरक थांबे. ही दुसरी पुली बसविण्याचा खर्च वाचविणारे मालकही होते.

आता विजेच्या मोटारीकडे येऊ. शेतावर, गिरणीत आणि लहान कारखान्यात जी मोटार रुजली ती प्रत्यावर्ती प्रवाहाची. तिचा वेग तारेतील प्रवाहाशी बांधलेला असतो. आपल्याकडे सेकंदाला पन्नास आवर्तने. त्यामुळे चार ध्रुवांच्या मोटारीतील चुंबकक्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते आणि मोटार त्याच्या थोडी मागे, १४४० च्या आसपास धावते. ती कितीही समजावली तरी तिला सावकाश चालावयास येत नाही. येथे पुष्कळ हुशार माणसे एका चुकीच्या उपमेने फसली. छताचा पंखा रेग्युलेटर फिरवून हळू करता येतो. मग चरकाची मोटार का नाही? उत्तर असे की पंखा हळू झाला की हवेचा विरोधही झपाट्याने कमी होतो, त्यामुळे अशक्त झालेली मोटारदेखील त्याला पुरते. उसाचा विरोध कमी होत नाही. चरक मिनिटाला दहा फेरे घेवो की दोन, कांडे चिरडण्यास पीळ जवळजवळ तेवढाच लागतो. इकडे मोटारीचा दाब सत्तर टक्क्यांवर आणला तर तिचा पीळ निम्म्यावर येतो. परिणाम काय? रिकामा चरक छान मंद फिरतो, पाहुण्यांना दाखविण्याजोगा. पहिले कांडे घातले की मोटार गुणगुणत उभी राहते, आणि तशीच चालू ठेवली तर पाच मिनिटांत जळक्या वार्निशाचा वास येतो.

म्हणून मोटारीला तिच्या वेगाने धावू द्यावे आणि तिच्यापुढे चाकांची उतरंड लावावी, हाच मार्ग राहिला. ह्या उतरंडीचे सर्वांत परिचित उदाहरण पाहावयाचे असेल तर पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कोणत्याही रसवंतीगृहात थांबावे. कानिफनाथ, नवनाथ अशी नावे आपण पाटीवर वाचली असतील. ह्या धंद्यात पुरंदर तालुक्यातील मंडळी पुष्कळ आहेत. एके काळी तेथेही लाकडी चरक आणि बैल होता. आता काचेच्या किंवा पत्र्याच्या पेटीत एक अश्वशक्तीची मोटार असते. मोटारीवर तीन इंचांची पुली आणि समोर चोवीस इंचांचे चाक घेतले तर १४४० चे १८० फेरे होतात. पुढे बारा दात्यांच्या चाकावर साठ दात्यांचे चाक, म्हणजे ३६. पुन्हा बारावर छत्तीस, म्हणजे बारा. मिनिटाला बारा फेरे. लिंबू-आले घातलेले कांडे त्याच्यात शांतपणे शिरते. मोठ्या चाकाला बांधलेली घुंगरे गिऱ्हाईक बोलावण्यासाठी आहेत असे आपण मानतो. पण घुंगरांचा ताल मंदावला की मोटारीवर भार आला हे मालकाला पाठमोरा असतानाही कळते, आणि तो कांडे जरा मागे ओढतो. वेग मोजण्याचे इतके स्वस्त यंत्र दुसरे मला ठाऊक नाही.

एकदम मोठे चाक घेऊन एकाच टप्प्यात काम का उरकीत नाहीत? कारण लहान पुलीला पट्ट्याची मिठी फार थोडी बसते आणि तो घसरतो. आणि १२० पटींचे दातेरी चाक करावयाचे तर ते खोलीत मावणार नाही. तीन टप्प्यांत ते टेबलाएवढ्या जागेत बसते. ह्याला वर्म गिअर हा एक पर्याय आहे. मळसूत्राचा दांडा आणि त्याच्यावर बसलेले चाक, अशी एकच जोडी चाळीस-पन्नास पट कपात करते. पण त्यात शक्तीचा मोठा हिस्सा घर्षणात जातो, तेल तापते, आणि आणखी एक गोष्ट होते तिच्याकडे मी शेवटी येईन.

गावच्या कारागिरांनी दुसरी एक वाट काढली. मोडीत निघालेल्या जीपचा किंवा मालमोटारीचा मागचा आस घ्यावयाचा आणि त्याच्या पोटातील डिफरन्शियलने वेग उतरवावयाचा. चार ते सहा पटींची कपात, आणि टनांचा भार पेलणारे पोलाद, भंगाराच्या भावात! मात्र येथे एक खोच आहे. आसाचे एक टोक बांधून ठेवले आणि दुसऱ्या टोकाने काम घेतले, तर ते टोक दुप्पट वेगाने फिरते. मिळालेली कपात निम्मी होते. डिफरन्शियलचा धर्मच तो: एका चाकाने घेतले नाही ते दुसऱ्याला देणे. ज्यांना हे उमगले त्यांनी आतली लहान दंतचक्रे वितळजोडाने एकजीव करून टाकली, आणि मग आस सरळ वागू लागला. ही विद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातून आलेली नाही. एकाने केले, दुसऱ्याने जाऊन पाहिले, अशी ती पसरली. माझ्या मते आपल्या यांत्रिक इतिहासातील हे प्रकरण तंत्रनिकेतनांच्या इतिहासाइतकेच लिहून ठेवण्याजोगे आहे.

इंदापूर तालुक्यातच ह्या विद्येचे भव्य रूपही आहे. वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) ह्यांनी कळंबच्या माळावर शेती आणि १९३० नंतरच्या दशकात साखर कारखाना उभा केला, ते वालचंदनगर. पुढे तेथील यंत्रशाळेत साखर कारखान्यांची यंत्रे आणि त्यांची प्रचंड दंतचक्रे तयार होऊ लागली, आणि तेच कसब नौदलाच्या जहाजांच्या गिअरपेटीपर्यंत गेले. साखर कारखान्यातील लाटा मिनिटाला चार-पाच फेऱ्यांच्या आसपास फिरतात. त्यांना फिरविणारे वाफेचे टर्बाइन मात्र मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांचे. मध्ये हजार पटींहून अधिक कपात! ह्या उतरंडीत शेवटी जे सर्वांत मोठे, माणसाच्या उंचीहून मोठे चाक असते, त्याला कारखान्यात बुल गिअर म्हणतात. नाव इंग्रजांनी ठेवले, पण बैलाला मानाची जागा शेवटी मिळाली ती अशी.

कारखान्यांना केवळ मंद वेग पुरत नव्हता. उसाची आवक वाढली-घटली की तो बदलता यावा लागे. जुने वाफेचे इंजिन ह्या बाबतीत गुणी होते. उभ्या अवस्थेतूनही ते पूर्ण पीळ देई, आणि वाफेची झडप थोडी दाबली की आज्ञाधारकपणे मंद होई. म्हणूनच वीज आल्यावरही पुष्कळ साखर कारखान्यांनी ते लौकर सोडले नाही. विजेने ही बरोबरी साधावयास प्रथम एकदिश प्रवाहाची मोटार वापरली. अमेरिकेतील वॉर्ड लिओनार्ड ह्याने १८९१ साली दाखविलेल्या पद्धतीत एका मोटारीने जनित्र फिरवावयाचे, आणि त्या जनित्राचा दाब कमीजास्त करून दुसरी मोटार हवी तशी चालवावयाची. एका कामाला तीन यंत्रे. अलीकडच्या काही दशकांत इलेक्ट्रॉनिक साधनांनी प्रवाहाची आवर्तनेच बदलता येऊ लागली. दाब आणि आवर्तने दोन्ही एका प्रमाणात उतरविली तर साधी मोटारदेखील पीळ न गमावता हळू चालते. पन्नास वर्षांपूर्वी जे अशक्य म्हणून शिकविले जाई ते आज पेटीभर साधनाने होते.

मग उतरंडीची गरज संपली काय? ह्याचे उत्तर पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जुन्नर तालुक्यात खोडद येथे पाहावयास मिळते. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) ह्यांच्या पुढाकाराने तेथे आणि आसपासच्या पंचक्रोशीत तीस रेडिओ दुर्बिणी उभ्या राहिल्या. प्रत्येक तबकडी पंचेचाळीस मीटर व्यासाची. तिला आकाशातल्या एखाद्या स्रोताकडे रोखून धरावयाचे असते, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे आकाश तासाला पंधरा अंशांनी सरकत असते. म्हणजे सुमारे चोवीस तासांत एक फेरा. बैलाचा चरक ह्यापुढे घोडदौड करतो असे म्हणावे लागेल! आडव्या दिशेने तबकडी फिरविणाऱ्या मोटारीपुढे तेथे सुमारे एकोणीस हजार पटींची कपात आहे, वरखाली करणाऱ्या मोटारीपुढे सुमारे पंचवीस हजार पटींची. एवढे करूनही भागत नाही. एका स्रोतावरून दुसऱ्याकडे जाताना तबकडी मिनिटाला तीस अंशांपर्यंत वळते, आणि स्रोताचा माग काढताना मिनिटाला पाव अंशाच्या हिशेबाने. म्हणजे माग काढताना खुद्द मोटारीला आपल्या पूर्ण वेगाच्या सुमारे एकशेविसाव्या भागाने, मिनिटाला साधारण तेरा फेऱ्यांनी, न अडखळता चालावे लागते. चाकांची उतरंड आणि विजेची लगाम, दोन्ही एकदम हवीत.

तेथे आणखी एक अडचण येते, जी चरकाला कधीच आली नाही. दोन दातेरी चाकांच्या दात्यांमध्ये थोडी सैल जागा ठेवावीच लागते. नाही तर ती अडकतात. चरकात भार नेहमी एकाच बाजूने असतो, त्यामुळे दाते सदैव एकाच अंगाला टेकलेले राहतात आणि ती सैल जागा जाणवत नाही. पण वाऱ्याच्या झोताने तबकडी मागे-पुढे ढकलली गेली की दाते ह्या अंगाचे त्या अंगाला आपटतात आणि नेम चुकतो. खोडदला प्रत्येक आसाला दोन मोटारी आहेत. त्या एकमेकींच्या विरुद्ध थोडा ताण धरून ठेवतात, त्यामुळे दाते सैल पडतच नाहीत. एक गाडी दोन बैलांनी उलट दिशांना ओढावी आणि तरी ती पुढे जावी, अशी ही युक्ती आहे. ती चालविणारी यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्रातील मंडळींनी घडविली.

पुन्हा आपल्या लहान चरकाकडे येतो. वेग बदलणारी इलेक्ट्रॉनिक पेटी आता तालुक्याच्या गावीदेखील मिळते, आणि पुष्कळ जण ती घेऊन उतरंडीतले एक-दोन टप्पे गाळतात. मोटार दहा आवर्तनांवर चालविली म्हणजे ती मिनिटाला तीनशेच्याही खाली येते, काम होते, पैसे वाचतात. पण मोटारीला थंड ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर असतो. मोटार मंदावली की पंखाही मंदावतो, आणि पीळ पूर्ण द्यावयाचा असल्यामुळे उष्णता मात्र पूर्वीइतकीच निघते. एप्रिलच्या दुपारी इंदापूरच्या रस्त्यावर, पत्र्याच्या पेटीत, अशी मोटार किती टिकेल ह्याचा विचार घेणाऱ्याने करावा. वेगळा पंखा लावणे किंवा कपात चाकांनीच करून मोटार निदान निम्म्या वेगावर ठेवणे, हे दोन उपाय आहेत.

आणि वर्म गिअरसंबंधी जे शेवटी सांगेन म्हटले होते ते हे. ह्या गिअरने मळसूत्र चाकाला फिरवू शकते, पण कपात मोठी असली म्हणजे चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही. उचल-यंत्रात हा गुण आहे; ओझे आपोआप खाली येत नाही. चरकात तो जिवावर बेतू शकतो. कोणाचा हात लाटांत सापडला आणि मोटार बंद केली, तरी लाटा मागे फिरवून तो हात सोडविता येत नाही. गिअरपेटी त्या घट्ट धरून ठेवते. पट्टा आणि साधी दंतचक्रे असलेल्या चरकात पट्टा ढकलून देऊन मोठे चाक दोघांनी हातांनी उलटे फिरविले तर लाटा मागे फिरतात. बैलाच्या चरकात तर बैलांना मागे रेटले की काम झाले. म्हणून वर्मचा चरक ज्याच्याकडे आहे त्याने मोटारीला उलट फिरण्याची कळ बसवून घ्यावी, ती ऊस घालणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर असावी, आणि चिमटीच्या अलीकडे वीतभर तरी पत्र्याचे नळकांडे असावे, म्हणजे कांडे आत जाईल पण बोटे जाणार नाहीत. हे नळकांडे गावचा पत्रेवाला अर्ध्या दिवसात करून देतो.